कॅमेऱ्यातला चेहरा आणि न्यायालयातला पुरावा : गुजरात विधानसभेच्या सदस्यांस खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
गुजरात विधानसभा, गांधीनगर.

विषय : गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी नागरिकांकडून घेतल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही चित्रणाची पावती, जपणूक, गोपनीयता आणि नाश यांविषयी कायद्यात तरतूद करण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

मी बडोद्याच्या न्यायालयात एकतीस वर्षे लघुलेखिका म्हणून नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षे सुरसागराजवळच्या न्यायमंदिरात गेली. १८९६ साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या त्या इमारतीतून २०१८ मध्ये न्यायालये दिवाळीपुऱ्याला हलली आणि त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झाले. आमच्या घरी पाच पिढ्यांपासून मराठी बोलली जाते, म्हणून हे पत्र आधी मराठीत लिहिले आहे. त्याचा गुजराती अनुवाद आपणांस टपालाने वेगळा पाठवीत आहे. राजकारणाशी माझा कधी संबंध आला नाही. परंतु साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उच्चारलेला शब्द कागदावर उतरवताना एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर काय घडू शकते, हे मी आयुष्यभर जवळून पाहिले आहे, आणि त्याच अनुभवाच्या जोरावर आपल्याशी बोलण्याचे धाडस करीत आहे.

दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला आमची बावीस घरांची सोसायटी आहे आणि मी तिची सचिव आहे. परिसरातल्या पोलिसांच्या विनंतीवरून आम्ही वर्गणी काढून चार कॅमेरे बसवले. त्यांतला एक फाटकावर आहे आणि त्यातून समोरचा रस्ता, कोपऱ्यावरचे बंद दुकान आणि पलीकडच्या इमारतीच्या पहिल्या दोन मजल्यांच्या गॅलऱ्या दिसतात. चित्रण साठवणारा डीव्हीआर माझ्या घराबाहेरच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी, कुलूप असलेल्या लोखंडी पेटीत ठेवलेला आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते.

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ रोजी लागू झाले. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या रस्त्यावर पहाटे एका माणसावर शस्त्राने हल्ला झाला आणि दुपारी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. खटला सत्र न्यायालयात चालू असल्याने मी त्यातले कोणाचेही नाव, नेमकी तारीख किंवा पोलीस ठाणे सांगणार नाही, आणि आरोपींविषयीही काही बोलणार नाही. मी सांगणार आहे ते केवळ आमच्या पेटीतून बाहेर गेलेल्या चाळीस सेकंदांच्या चित्रणाचे काय झाले याविषयी.

त्याच दिवशी दुपारी दोन कर्मचारी आले. त्यांनी चित्रण मागितले आणि मी ते दिले. माणूस मेला आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? माझ्या भाच्याने पहाटे चार ते सहा या दोन तासांचे चित्रण माझ्याच एका जुन्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिले. त्या पेन ड्राइव्हवर नातीच्या वाढदिवसाचे फोटोही होते. लेखी मागणी नव्हती, पावती नव्हती, पेन ड्राइव्हला लिफाफा की लाख काहीच नव्हते. कर्मचाऱ्याने ती खिशात घातली. वर्षानुवर्षे मुद्देमालाच्या याद्या टंकलिखित केलेल्या बाईने त्या क्षणी तोंडातून एक शब्द काढला नाही, याची खंत मला अजूनही आहे. म्हणूनच केवळ पोलिसांना दोष देणे मला पटत नाही. ज्याची कोणी सवयच लावलेली नाही, ते घाईच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यातले चाळीस सेकंदांचे चित्रण शहरभर फिरू लागले. माझ्याच मोबाइलवर ते तीन वेगवेगळ्या गटांतून आले. त्यात सायकलवरून जाणाऱ्या एका मुलाच्या चेहऱ्याभोवती कोणीतरी लाल वर्तुळ काढले होते आणि खाली ‘हाच तो’ असे गुजरातीत लिहिले होते. तो मुलगा आमच्याकडे वर्तमानपत्र टाकणारा होता. ती क्लिप बाहेर कोणी सोडली हे मला माहीत नाही. ती आमच्याकडून गेली नाही इतके मी शपथेवर सांगू शकते. त्यापुढचे सिद्ध करता येईल अशी एकही नोंद कोठे झालेली नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आता वेळेचा हिशोब पाहावा. हल्ला ४ वाजून ४१ मिनिटांनी झाला, हे रुग्णवाहिकेला गेलेल्या फोनवरून आणि आणखी एका कॅमेऱ्यावरून नंतर निश्चित झाले. आमच्या चित्रणात मुलगा ४ वाजून ४६ मिनिटांनी जाताना दिसतो, म्हणजे हल्ल्यानंतर पाच मिनिटांनी, त्याच दिशेने येणारा, पॅडल जोरात मारणारा. दहा दिवसांनी हार्ड डिस्क बदलायला आलेल्या तंत्रज्ञाने सहज म्हटले, ‘‘ताई, तुमचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे.’’ मी माझा मोबाइल डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरून पाहिला. खरोखरच अकरा मिनिटे. म्हणजे मुलगा प्रत्यक्षात ४ वाजून ३५ मिनिटांनी गेला होता, हल्ला होण्याच्या सहा मिनिटे आधी. तोपर्यंत त्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवून सोडून दिले होते, एजन्सीने त्याचे काम काढून घेतले होते, आणि त्याच्या आईला चाळीतल्या नळावर बायका वाट देईनाशा झाल्या होत्या.

मी दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज घेऊन ठाण्यात गेले. पहिल्या दोन खेपांना, आता तपास पुढे गेला आहे, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला एका तरुण अधिकाऱ्याने मला बसवले, अर्ज शांतपणे वाचला, स्वतः येऊन घड्याळाचा पंचनामा केला आणि माझा जबाब नोंदवला. त्या अधिकाऱ्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण एखाद्या निरपराध मुलाची सुटका आपल्या नशिबी चांगला अधिकारी येतो की नाही यावर अवलंबून असावी, हे कोणत्याही विधिमंडळाला मान्य होता कामा नये.

त्या चाळीस सेकंदांत आणखी एक गोष्ट दिसत होती. पलीकडच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील गॅलरीत एक वयस्कर गृहस्थ तांब्या हातात घेऊन उभे होते. तुळशीला पाणी घालायला ते रोजच त्या वेळी उठत. क्लिप पसरली तशी अनोळखी माणसे त्यांच्या दाराशी येऊ लागली. कोणी काळजीने विचारी, कोणी दुसऱ्याच सुरात. महिन्याभरात ते पुण्याला मुलीकडे गेले. जाताना मला एवढेच म्हणाले, ‘‘बाई, मी काही पाहिलं नाही.’’ त्यांनी पाहिले होते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण पोलिसांनी त्यांना विचारण्याआधी सगळ्या शहराने विचारले, ही वस्तुस्थिती आहे.

सन्माननीय सदस्यहो, गोपनीयतेचा प्रश्न निघाला की नेहमी असे सांगितले जाते की गुन्हेगार पकडायचे असतील तर सामान्य माणसाने थोडी गोपनीयता सोडली पाहिजे. जणू एका पारड्यात न्याय आहे आणि दुसऱ्यात खासगीपणा, आणि एक वर जायचे तर दुसरे खाली आलेच पाहिजे. आमच्या रस्त्यावर घडले ते या मांडणीत बसत नाही. त्या मुलाची आणि त्या गृहस्थांची गोपनीयता गेली, आणि त्याच कारणाने खटलाही दुबळा झाला. पावती नाही, मोहोर नाही, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची नोंद नाही. त्यामुळे चित्रण बाहेर फुटले, आणि त्याच त्रुटींवर उद्या बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत बोट ठेवील. बचाव पक्षाने तसे करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. ज्याचा माणूस गेला त्या कुटुंबाचे यात काय भले झाले, ते मला कोणी समजावून सांगावे.

कायद्याला ही गोष्ट ठाऊक नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत, ती कोणत्या उपकरणावरून कशी काढली हे सांगणारे प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे सांगितले, आणि २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले असेल तर गोष्ट वेगळी, एरवी प्रमाणपत्राला पर्याय नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ ने ते अधिक काटेकोर केले. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत त्या फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते : फाइलमधल्या प्रत्येक बिंदूवरून गणिताने काढलेला तो एक लांबलचक आकडा असतो आणि चित्रणातली एक चौकट जरी बदलली तरी तो आकडा बदलतो. एका अर्थी ती लाखेची मोहोरच आहे, आणि ती उमटवायला संगणकावर अर्धे मिनिटही लागत नाही. माझ्या पेन ड्राइव्हवरचा आकडा त्या दुपारी काढून कागदावर लिहिला गेला असता तर मूळ फाइल कोणती आणि लाल वर्तुळवाली कोणती, हा वाद कोणालाच घालता आला नसता. हा आकडा घड्याळाची चूक मात्र पकडू शकत नाही. त्यासाठी चित्रण घेणाऱ्याने आपल्या मनगटाकडे आणि पडद्याकडे एकदा पाहून दोन्ही वेळा लिहून घेणे एवढेच लागते.

आता आपल्या राज्याच्या कायद्याकडे येते. आपण २०२२ मध्ये गुजरात सार्वजनिक सुरक्षा उपाययोजना अंमलबजावणी अधिनियम संमत केला आणि बडोद्यासह महानगरपालिकांच्या शहरांत तो लागू झाला. मोठी वर्दळ असलेल्या आस्थापनांनी कॅमेरे लावावेत, चित्रण तीस दिवस जपावे आणि मागितल्यावर द्यावे, न केल्यास दंड भरावा, असा त्याचा गाभा आहे. आमच्यासारख्या लहान सोसायट्या स्वखुशीने तेच करतात. याशिवाय ‘विश्वास’ प्रकल्पाखाली सरकारचे स्वतःचे हजारो कॅमेरे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांवर नजर ठेवणारी नेत्रम केंद्रे आहेत आणि गांधीनगरला त्रिनेत्र हे राज्य पातळीवरचे केंद्र. या व्यवस्थेने गुन्हे उघडकीस आले आहेत आणि हरवलेली मुले सापडली आहेत, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. आमचे कॅमेरे काढून टाका असे मी आपणांस म्हणत नाही. माझे म्हणणे असे आहे की देणाऱ्याचे कर्तव्य ज्या स्पष्टपणे कायद्यात लिहिले गेले, तितक्याच स्पष्टपणे, त्याच कायद्यात, घेणाऱ्याचे कर्तव्यही लिहिले जावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो निरंकुश नाही हेही त्याच निकालात आहे. परंतु राज्याने त्यात हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. त्याच्याही कितीतरी आधी, १९९६ मध्ये, दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यासंबंधीच्या प्रकरणात न्यायालयाने आदेश कोणी द्यायचा, तो किती दिवस चालायचा, त्याचे पुनर्विलोकन कोणी करायचे आणि अनावश्यक झालेल्या प्रती नष्ट कशा करायच्या, हे ठरवून दिले होते. माझा फोन ऐकायचा तर गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो. माझ्या दारात कोण किती वाजता आले, कोण किती वाजता गेले, कोण किती दिवस आलेच नाही, हे सारे सांगणारी पेटी मात्र तोंडी निरोपावर खिशात जाते. बावीस घरांतल्या माणसांविषयी त्या पेटीला जे ठाऊक आहे, ते त्यांच्या फोनलाही ठाऊक नसेल.

केंद्राचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच की, असे कोणी म्हणेल. पण त्या कायद्याचे कलम १७ गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास आणि खटला यांसाठी होणाऱ्या वापराला त्यातल्या बऱ्याच बंधनांतून वगळते. ती सूट मी समजू शकते. संशयिताची संमती मागून तपास होत नाही. मात्र त्यामुळे जी जागा मोकळी राहते ती भरण्याची जबाबदारी आपल्यावर येते, कारण सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे दोन्ही विषय घटनेच्या राज्यसूचीत आहेत.

चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याच्या यंत्रांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यातले तंत्र माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. माणसाच्या डोळ्यांनीही किती घात होऊ शकतो, हे तेलंगणातल्या मेदकमध्ये २०२३ साली दिसले. साखळीचोरीच्या चित्रणातल्या माणसाशी साधर्म्य वाटले म्हणून एका मजुराला पकडण्यात आले, पोलीस कोठडीत आपला छळ झाल्याचे त्याने सांगितले आणि पुढे रुग्णालयात तो मरण पावला. यंत्राने सांगितलेले साम्य हा शोधाचा धागा होऊ शकतो. तेवढ्यावर अटक होऊ नये, असे शब्द कायद्यात असायला हवेत.

साक्षीदारांविषयी मात्र मला अधिक बोलले पाहिजे, कारण हे पत्र बडोद्याहून येत आहे. १ मार्च २००२ च्या रात्री हनुमान टेकरी भागात बेस्ट बेकरी जाळण्यात आली आणि चौदा माणसे मेली. २७ जून २००३ रोजी इथल्या जलदगती न्यायालयाने एकवीसही आरोपींना निर्दोष सोडले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले होते. पुढल्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला आणि तो राज्याबाहेर, महाराष्ट्रात चालवायला लावला. २००६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी चौघांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली आणि पाच जणांना सोडले. त्या काळात मी दिवाणी बाजूला काम करीत होते, तो खटला माझ्या टेबलावर कधी आला नाही. पण त्या दिवसांत न्यायालयाच्या व्हरांड्यातून जाताना साक्षीदार एकमेकांच्या नजरेला नजर देत नसत, हे मला आठवते. निकालाचे राजकारण ज्यांना करायचे असेल त्यांनी करावे. माझ्यासारख्या कर्मचाऱ्याला त्यातून कळलेली गोष्ट अशी की साक्षीदाराचे नाव, घर आणि चेहरा कोणाच्या हाती आहे यावर खटल्याचा निकाल ठरू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. धोक्याच्या तीन श्रेणी, पोलिसांचा धोका विश्लेषण अहवाल, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती, ओळख लपवण्याची सोय, हे सारे त्यात आहे; आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याने आपली योजना करायची आहे. पण ही सगळी यंत्रणा साक्षीदाराने अर्ज केल्यावर हलू लागते. तांब्या घेऊन गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला आपण साक्षीदार आहोत हेच अजून कोणी सांगितलेले नसते, तोवर त्याचा चेहरा दहा हजार मोबाइलवर पोहोचलेला असतो. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, हे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने सांगितले आहे. तपासासाठी घेतलेले चित्रण बाहेर सोडणाऱ्यालाही शिक्षा असावी, मग तो कर्मचारी असो, सोसायटीचा सचिव असो की पत्रकार.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे की २०२२ च्या अधिनियमात दुरुस्ती आणावी. चित्रण लेखी मागणीवरच घेतले जावे आणि त्या मागणीत गुन्ह्याचा क्रमांक व नेमकी वेळ असावी, म्हणजे चाळीस सेकंदांसाठी दोन तास द्यावे लागणार नाहीत. देणाऱ्याला जागच्या जागी पावती मिळावी. तिच्यावर हॅश मूल्य, उपकरणावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ लिहिलेली असावी, आणि पेन ड्राइव्ह सरकारची, कोरी असावी. निष्पक्ष तपासात ज्यांचा संबंध नसल्याचे दिसून येईल त्यांचे चेहरे असलेले चित्रण खटला आणि अपिले संपल्यावर नष्ट व्हावे आणि तसे त्यांना कळवले जावे. २०२२ च्या केंद्रीय फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात बोटांचे ठसे आणि मोजमापे पंचाहत्तर वर्षे ठेवण्याची मुभा आहे, पण तिथेही आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद पुसण्याची तरतूद आहे. वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याला तेवढी तरी किंमत असावी. आणि या साऱ्यावर लक्ष ठेवण्याचे काम जिल्हा न्यायाधीशांकडे द्यावे, पोलीस दलाकडे नव्हे.

त्याच वेळी ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांकडेही आपण पाहावे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे लावण्याचा आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, ते अगदीच शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून हा विषय स्वतःहून पुन्हा हाती घ्यावा लागला. त्या मुलाच्या दोन दिवसांचे चित्रण असेल तर ते त्याला पाहता यावे, अशी वाट कायद्यात करून द्यावी.

तो मुलगा आता दुसऱ्या भागात भाजीच्या गाडीवर मदतनीस म्हणून काम करतो. गेल्या महिन्यात मला भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘आजी, घड्याळ नीट केलंत ना?’’ मी हो म्हणाले. दर महिन्याच्या एक तारखेला मी पेटी उघडते, मोबाइल पडद्याशेजारी धरते आणि दोन्ही वेळा वहीत लिहून सही करते. शेजारची एक गृहिणी साक्षीदार म्हणून सही करते. त्या वहीच्या पहिल्या चार पानांची छायाप्रत, आणि आम्ही आमच्यापुरता तयार केलेल्या पावतीचा नमुना, या पत्रासोबत जोडला आहे. अधिवेशनात हा विषय कोणी सदस्य मांडणार असतील तर मूळ वही घेऊन गांधीनगरला येण्याची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
दांडिया बाजार परिसरातील एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका,
बडोदे.

सोबत : नोंदवहीच्या चार पानांची छायाप्रत, पावतीचा नमुना.